नवख्यांसाठी ग्राइम

८ नोव्हेंबर, शनिवार

केयूरनं आज आपणहून बोलणं काढलं! भूक लागली म्हणून नाही, चार्जर सापडत नाही म्हणून नाही. "आई, तुला म्युझिक ऐकवू?" एकोणीस वर्षांचा घोडा. कॉलेजातून आला की खोलीचं दार लावतो ते जेवायलाच उघडतो.

ग्राइम म्हणतात त्याला. लंडनच्या गरीब वस्तीतल्या पोरांनी काढलेलं. गाणं नाहीच — भराभर बोलणं, मागे ठोके. केयूरचं मोबाइलवर एक पेज आहे, पाच हजार लोक बघतात म्हणे. तिथे मालिका करतोय — ज्यानं ग्राइम कधीच ऐकलं नाही त्यानं कुठल्या अल्बमपासून सुरुवात करावी. त्यासाठी अगदी कोरा माणूस हवा. "तुझ्यापेक्षा कोरी कोण मिळणार?"

चंदेरी नेसून बसले. नको म्हणाला. "गाऊनच घाल ना, घरातला. नॅचरल वाटते."

‘वाटते’ नाही, ‘वाटतं’, म्हटलं. दिगंबरची बँक आम्हाला इथे बंगाल्यांच्या शहरात घेऊन आली त्याला सात वर्षं झाली. पोराच्या मराठीची पार वाट लागली.

९ नोव्हेंबर, रविवार

पहिला अल्बम. पिवळ्या कव्हरचा. मांडणीवरची भांडी कोसळावीत तसा आवाज. डोकं उठलं. पण दोन-तीन गाणी झाल्यावर वाटलं — हा मुलगा घाबरलाय. घाबरलाय म्हणून ओरडतोय. तसं सांगितलं. केयूर मोबाइल माझ्यावर धरून हसत होता. किती दिवसांनी खुशीत दिसला!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरा अल्बम. यात शब्दच नाहीत. नुसते ठोके, रिकाम्या जिन्यात कुणी चालत असल्यासारखे. बोलून गेले — आपला जिना असाच वाजतो रे. बाबा बँकेत, तू कॉलेजात. बेल वाजली की मी धावते, तर पार्सलवाला. सात वर्षांत माझ्याकडे म्हणून कुणी आलेलं नाही. एकदा त्या पार्सलवाल्यालाच चहा विचारला, तर घाबरून पळाला.

बोलता बोलता डोळे भरले. केयूरनं कॅमेरा बंद केला नाही. "बोल ना आई. छान बोलतेस."

बोलले. कुणीतरी ऐकत होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

तिसरा एका बाईचा. हा आवडला! कुणाचं ऐकून घेत नाही ती.

केयूरनं समजावलं — ग्राइममध्ये क्लॅश असतो. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांची अब्रू काढतात. एखादी ओळ झोंबली की लोक ओरडतात — रीलोड! मग ठोके थांबवायचे आणि तीच ओळ पुन्हा, पहिल्यापासून.

"आणि ज्याला झोंबली तो?"

"त्याला परत ऐकावं लागते."

लागतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्या कॉलनीच्या बाजारात भाजीवाला म्हणाला, "बौदी, आपनाके मोबाइले देखलाम!" — वहिनी, तुम्हाला मोबाइलवर पाहिलं — आणि मान हलवून दाखवली. पलीकडचा मासेवाला फिस्सकन हसला. काय ते कळलं नाही. मीही हसले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

इथल्या मराठी मंडळात नाटकाची तालीम होती. निर्मला, सेक्रेटरींची बायको, दारातच — "अगं कालिंदी, तू तर स्टार!" सगळ्या बायका तिच्या मोबाइलभोवती गोळा.

मी. गाऊनमध्ये, तेल चोपडलेले केस. ठोका एकीकडे, मान भलतीकडे. घाबरलेल्या मुलाबद्दल बोलले ते कुठेच नाही. पार्सलवाल्याचं मात्र सगळं आहे, खाली इंग्रजी अक्षरांसकट! चहा विचारला म्हणते तिथे कोंबडा आरवतो. डोळे भरतात तिथे गाढव. वर नाव — "पार्सलवाली आंटी". चाळीस हजार लोकांनी पाहिलंय.

"इतकं एकटं वाटतं तर आमच्याकडे यायचं ना गं कधीतरी!" निर्मला म्हणाली. कधी, ते नाही म्हणाली.

दिगंबरला फोन केला. "मी परवाच पाहिला व्हिडिओ. बरा आहे की. बँकेत सगळे हसले. तू काय लगेच मनावर घेतेस?"

केयूर घरी आला. विचारलं — माझं रडणं पण टाकलंस? मान वर न करता म्हणाला, "कंटेंट आहे आई. क्लॅश समज. लागलं तर उलटं मार. येते का तुला?"

या वेळी चूक दुरुस्त केली नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज लाइव्ह होतं त्याचं. "सगळे तुलाच मागतायत. येशील?" त्याला वाटलं, मी विसरले. हो म्हटलं. या वेळी चंदेरीच नेसले.

त्याच्या शेजारी तिस्ता. वर्गातली मुलगी. ती यायची म्हणून साहेबांनी सकाळी खोली झाडली होती, स्वतः!

म्हटलं, तो बिनशब्दांचा अल्बम लाव, मला काहीतरी म्हणायचंय. दोघं खुश. हिंदीत केलं होतं, सगळ्यांना कळावं म्हणून. तीन दिवस पोळ्या लाटताना पुटपुटत होते. शेवटच्या दोन ओळी या —

"पेज पर है शेर, घर में भीगी बिल्ली,
बाथरूम में बंद हुआ, पतलून हो गई गीली!"

गेल्या वर्षी सीनियर पोरांनी त्याला कॉलेजच्या बाथरूममध्ये कोंडलं होतं. अख्खी दुपार. घरी येऊन माझ्या मांडीत तोंड खुपसून रडला. बाबांनाही सांगू नको म्हणाला. मी ओली पँट धुतली, त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि कुणाला म्हणजे कुणाला बोलले नाही.

आज बोलले. सगळ्यांना.

स्क्रीनवर धबधबा — आंटी रीलोड! रीलोड! तिस्तानं आधी तोंडावर हात ठेवला, मग हसली. केयूर मोबाइलकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. "आई, बस," म्हणाला. हळू.

मी हात लांब करून ठोके पहिल्यापासून लावले. पुन्हा म्हटलं. सावकाश, एकेक शब्द नीट कळेल असं.

नंतर सपाटून भूक लागली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लाखाच्या वर गेलाय! निर्मलाचा फोन — मंडळात करून दाखव म्हणे. भाजीवाल्यानं मूठभर मिरच्या तशाच दिल्या.

केयूर कॉलेजला गेला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आजही नाही. ताट दाराशी ठेवते, तसंच परत येतं. दिगंबर दारावर थापा मारून ओरडला, "पुरुषासारखा पुरुष! आईच्या दोन ओळींनी मेलास काय? उद्या जायचं!"

मी मध्ये पडले नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज कॉलेजात पोरांनी त्याला परत कोंडलं. त्याच बाथरूममध्ये. दाराबाहेर मोबाइल ठेवून माझा आवाज लावला. संपला की पहिल्यापासून. संपला की पहिल्यापासून. संध्याकाळी सफाईवाला आला तेव्हा दार उघडलं.

घरी येऊन एवढंच सांगितलं. रडला नाही. पँट स्वतःच धुतली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला — "एकदा बोललीस ते समजलं, आई. दुसऱ्यांदा का?"

मी पोळी उलटली. उत्तर येत होतं मला.

मजा आली होती.