गिवत-नोफेतची नऊ घरं

रविवार, ४ नोव्हेंबर

निकाल लागला. सत्तावीस तारखेला टेकडी रिकामी करायची. नऊच्या नऊ घरं, प्रार्थनाघर, बालवाडी, बकऱ्यांचा गोठा – सगळं पाडणार.

मी बालवाडीत मुलांचे हात धुवत होते तेव्हा गेर्शोन दारात येऊन सांगून गेला. गेर्शोन आमच्या समितीचा अध्यक्ष. बातमी जितकी वाईट, तितका त्याचा आवाज भरदार होतो.

"कोर्टाला काय म्हणायचं ते म्हणू दे, हेमदा. कुणी एक खोकंसुद्धा भरायचं नाही. सामान बांधलं म्हणजे विश्वास डळमळला."

मी बरं म्हटलं. सोळा वर्षं मी त्याला बरंच म्हणत आले आहे.

जमीन म्हणे खालच्या अरब गावातल्या कुणा रातिबची आहे. एवढ्या वर्षांत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. सरकारनेच रस्ता केला, सरकारनेच विजेची तार ओढली, सैनिक आमच्या फाटकावर पहारा देतात – आणि आता तेच सरकार विचारतंय, तुम्ही इथे कसे काय?

सोमवार, ५ नोव्हेंबर

एल्याकीम आज दिवसभर माझ्याशी बोलला नाही. बकऱ्यांशी बोलला. भांडण नाही हं – लग्नाला चोवीस वर्षं झाली, मला कळतं. माझ्याशी बोलायचं म्हणजे उत्तर ऐकावं लागतं.

बुधवार, ७ नोव्हेंबर

एक खोकं भरलं. फक्त हिवाळ्याचे कपडे. हिवाळ्याच्या कपड्यांनी कुणाचा विश्वास डळमळत नसावा. पलंगाखाली सरकवलं आणि वरून चादर सोडली, एल्याकीमला दिसायला नको. त्याला वाटायचं, बायकोने आधीच हात टेकले.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

खालच्या गावातली ऑलिव्हची चौदा झाडं कुणीतरी करवतीने कापली. ऐन तोडणीच्या दिवसांत. सकाळी सैन्याचा अधिकारी दारोदार विचारत फिरला. कुणाला काही माहीत नाही. टेकडीवर नऊ घरं, शेजाऱ्याला शिंक आली तरी आम्हाला भिंतीतून ऐकू येते, पण करवत कुणी ऐकली नाही. मीही ऐकली नाही असंच सांगितलं.

दुपारी शब्बाथच्या जेवणासाठी कोंबडी आणायला गेले तर वळणावर गाडीवर दगड आला. पुढची काच गेली. काचेचा चुरा कोंबडीच्या पिशवीत गेला, ती फेकून द्यावी लागली. शब्बाथला मसूर.

आमच्याकडे जेवायला आलेला गेर्शोन म्हणाला, "बघा, असे आहेत ते लोक."

एल्याकीम म्हणाला, "झाडं चौदा होती ना?"

गेर्शोनने मीठ मागितलं.

सोमवार, १२ नोव्हेंबर

आज तो रातिब आला. हद्दीच्या खुणा करायला मोजणीदार आला होता. बरोबर दोन सैनिक, शुक्रवारचाच अधिकारी आणि हा. मी मनात एक माणूस तयार करून ठेवला होता – धिप्पाड, डोळ्यांत राग वगैरे. आला तो सत्तरीचा, बारीक, इस्त्रीचा शर्ट घातलेला म्हातारा. चढ चढून धाप लागली होती. सगळी टेकडी सोडून मोजणीदाराची पट्टी नेमकी आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीशी येऊन थांबली.

तो आमची भाषा आमच्यापेक्षा चांगली बोलतो. तीस वर्षं किनाऱ्याकडच्या शहरांत गवंडीकाम केलं म्हणे. आमच्या लोकांची घरं बांधली.

त्याने भिंतीवरून हात फिरवला. पाच वर्षांपूर्वी एल्याकीमने घर वाढवलं तेव्हाची ती भिंत.

"ही कुणी घातली?"

"मी," एल्याकीम म्हणाला.

"ओळंबा लावला नव्हता वाटतं."

"लावला होता."

"मग वारा असेल. आणि माल फार पातळ कालवलास. ही तर अशीच पडेल, तिला मशीन कशाला?"

अधिकाऱ्याने तोंड फिरवलं. हसत होता. एल्याकीमचे कान लाल झाले. कोर्टाचा निकाल ऐकताना त्याचं असं झालं नव्हतं!

काही सुचेना म्हणून मी पाण्याचा ग्लास पुढे केला. उन्हात चढून आलेला माणूस, कुणी का असेना.

"माझ्याच जमिनीवर तू देणार आणि मी घेणार," तो म्हणाला. "राहू दे, बाई."

मग तो स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत म्हणाला, "इथे आमची अंजिराची झाडं होती. दोन."

"आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं," मी म्हटलं.

"काहीच नव्हतं?"

चिडून नाही. मी बालवाडीत विचारते तसं त्याने विचारलं – नक्की, पेन्सिल तू घेतली नाहीस? मी ग्लास घेऊन आत आले. ते पाणी मीच प्यायले.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

एल्याकीम सकाळपासून भिंतीशी ओळंबा धरून उभा आहे. बोटभर बाहेर आहे. मला सांगतो, "दोरीच खराब आहे."

बुधवार, १४ नोव्हेंबर

गोठ्यात पेंढ्यामागे चार खोकी सापडली. वर एल्याकीमच्या अक्षरात "बकऱ्यांची औषधं". आत आमच्या लग्नाच्या प्लेट्स, माझ्या आईची दिवाणावरची चादर, त्याच्या वडिलांची प्रार्थनेची शाल. इतक्या निगुतीने गुंडाळलेलं की मला गोठ्यातच बसावं लागलं.

त्याला म्हटलं, "बकऱ्या फार आजारी दिसतात."

तो म्हणाला, "पलंगाखालच्या सहा खोक्यांना काय झालंय?"

दोघंही हसलो. हसता हसता तो रडायला लागला. मी त्याला असं रडताना एकदाच पाहिलं होतं, त्याचे वडील गेले तेव्हा. "दगड मी एकेक वेचलेत गं," म्हणाला. "हे कुणाला सांगू?" मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

संध्याकाळी गेर्शोनची बायको आली. इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली, "तुझ्याकडे रिकामी खोकी आहेत का गं? मुलांना किल्ला करायचाय." तिचा धाकटा सैन्यात आहे.

दोन दिली.

रविवार, १८ नोव्हेंबर

आम्हाला धीर द्यायला शहरातून सहा मुली आल्यात. आमच्या दिवाणखान्यात गाद्या टाकल्यात. गिटार आहे. रडतात फार. त्यांची पुढारी ओदेल, सतरा वर्षांची, मला मिठी मारून म्हणाली, "मावशी, तुम्ही इतक्या शांत कशा?" शांत नाही बाई, गरम पाणी संपलंय. तुम्ही सहा जणींनी संपवलंय.

मंगळवार, २० नोव्हेंबर

ओदेलने माझ्या भिंतीवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहिलं – इथून आम्ही हलणार नाही. तिला गुरुवारी परीक्षेला परत जायचं आहे.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

गेर्शोनने खाली मोठ्या वसाहतीत घर भाड्याने घेतलंय. ऑक्टोबरपासून.

सोमवार, २६ नोव्हेंबर

बालवाडीचा शेवटचा दिवस. अकरा मुलं. गेर्शोनने सांगितलं होतं, मुलांना काही सांगू नका, उद्या चमत्कार होईल. मी मुलांना प्रत्येकाच्या खुंटीवरची नावाची पट्टी काढून दिली. चार वर्षांच्या नोगाने विचारलं, "उद्या डबा कुठे अडकवायचा?"

"घरी ठेव," म्हटलं.

"घर तर पाडणारेत."

सगळं माहीत होतं कार्टीला. मी तिला घट्ट धरलं तर म्हणते, "सोड, केस ओढतायत."

बुधवार, २८ नोव्हेंबर

काल झालं.

सकाळी सातला सैनिक आले. पोरं, पोरी, कोवळी. माझ्या दाराशी आलेल्या मुलीने आधी पाय पुसले. खरंच पुसले. म्हणाली, "तुम्ही स्वतः चालत येता का? मला तुम्हाला उचलायचं नाही." मी चालत गेले. समितीत ठरलं होतं की कुणी चालत जायचं नाही. पण ती मुलगी कापत होती आणि माझं वजन मला माहीत आहे.

गेर्शोन छपरावर चढला. कॅमेरेवाले होते तोवर तिथेच होता. ते बकऱ्यांकडे वळले तसा शिडीने उतरला.

एल्याकीम मात्र जमिनीवर आडवा झाला. चौघांनी हातपाय धरून उचलला. तेवढ्यात मशीन आमच्या भिंतीपाशी गेलं. तो सैनिकांना म्हणाला, "थांबा रे जरा. बघू द्या."

आणि ते थांबले! त्याला तसाच अधांतरी धरून चौघंही बघत राहिले. पहिला धक्का – उभी. दुसरा – उभी. तिसऱ्याला गेली.

"बघितलंस ना?" तो मला ओरडून म्हणाला. "तीन लागले, तीन."

मग त्याला बसमध्ये नेऊन बसवलं. मी शेजारी बसले. बराच वेळ त्याने माझा हात सोडला नाही. खाली वळणावर गावातले लोक उभे होते. कुणी दगड मारला नाही, कुणी टाळी वाजवली नाही. त्यात रातिब मला दिसला नाही. मी शोधलं.

रविवार, २ डिसेंबर

एका शाळेच्या वसतिगृहात आहोत. आठ कुटुंबं, एक मजला, दोन न्हाणीघरं. बकऱ्या एल्याकीमच्या भावाकडे. आजपासून हनुकाचा सण. जिन्यात पहिला दिवा लावला. कुणीतरी जॅमचे डोनट पाठवले होते, तेवढाच मुलांना आनंद.

गेर्शोन त्याच्या भाड्याच्या घरातून खास आला आणि भाषण केलं. दुसरी टेकडी बघून ठेवलीय म्हणे, उत्तरेला, छान वारा आहे. "पूर्ण मोकळी आहे. कुणाचीच नाही." लोकांनी माना डोलावल्या. एल्याकीमनेही. म्हणाला, या वेळी माल घट्ट कालवीन.

मी माझ्या परीने बोलले. उभी राहून म्हटलं, "गेल्या वेळी आपल्याला कुणी सांगितलं नाही, आपण फसलो. या वेळी आधी कागद बघा." मग दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. मला जरा बरं वाटलं.

गुरुवार, ६ डिसेंबर

आज खोकी उघडली. बालवाडीच्या जुन्या हजेरीच्या फाइलमध्ये एक लिफाफा निघाला. पहिल्या वर्षी टेकडीचं टपाल मीच घेत असे. आत सरकारी पत्र, सोळा वर्षांपूर्वीचं: सदर जमीन खासगी मालकीची आहे, बांधकाम करू नये. मालकाच्या जागी निकालात होतं तेच, रातिबच्या वडिलांचं नाव. तळाशी निळ्या शाईत 'वाचलं' आणि सही.

सही माझी आहे.

एल्याकीमने विचारलं, "काय गं ते?"

"जुनी हजेरी," मी म्हटलं.