गुरुवारची दातदुखी

६ जून, गुरुवार

एकही नाही! तीन ते पाच, पूर्ण दोन तास, डॉक्टरबाई आणि मी दवाखान्यातल्या सात नंबरच्या खोलीत एकमेकींची तोंडं बघत बसलो. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी खास वेळ – पाळी, अंगावरून जाणं, गर्भनिरोधन, मनातल्या शंका, काहीही विचारा, फुकट आणि गुपचूप. गुपचूप म्हणे! दारावर हातभर लाल अक्षरांत पाटी – 'किशोरवयीन लैंगिक व प्रजनन आरोग्य कक्ष'. समोर केसपेपरची खिडकी, आणि बाकांवर निम्मं गाव बसलेलं. सोळाव्या वर्षी त्या पाटीखालून जायची माझी तरी हिंमत झाली असती का?

मोठ्या डॉक्टरांनी बजावलंय, महिनाभर बघू, नाहीतर तिथे चादरींची कपाटं ठेवू.

घरी पोरीला सांगितलं. नुसती हसली. बरंय बाई, माझी पोरगी मला सगळं सांगते.

९ जून, रविवार

सुट्टी, पण ती मुलगी डोक्यातून जात नाही. जानेवारीत शाळेच्या गणवेशात खिडकीशी आली होती. खिडकीवरच्या कारकुनाला आम्ही भोंगा म्हणतो ते उगाच नाही. त्याने विचारलं, "काय होतंय?" – साऱ्या हॉलला ऐकू गेलं. केसपेपरवर कारणाचा रकाना असतो, तो भरल्याशिवाय गड्याचा शिक्का उठत नाही. ती म्हणाली, "काही नाही," आणि गेली. मी इंजेक्शनचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. बघत राहिले.

तीन आठवड्यांनी तिला स्ट्रेचरवरून आणलं. पाळीचं रक्त महिनोन्महिने थांबत नव्हतं, अंगात काही म्हणून उरलं नव्हतं. वाचली. पण मी तेव्हा तिच्यामागे दोन पावलं गेले असते तर? हा प्रश्न मला सोडत नाही, म्हणून ती खोली बंद पडता कामा नये.

१३ जून

दोघी आल्या, पाटी वाचली, वळल्या.

२० जून, गुरुवार

आज कमाल झाली! चारच्या सुमाराला शेजारच्या आठ नंबरमधले दातांचे डॉक्टर तणतणत आले. म्हणाले, दुपारपासून नऊ पोरं तपासली, एकाचाही दात किडलेला नाही. आणि प्रत्येकाने जाता जाता हळूच विचारलं, शेजारी त्या बाई बसतात ना?

तेव्हा कुठे आम्हा दोघींच्या डोक्यात उजेड पडला. 'दात दुखतो' हे भोंग्यासमोर कुणालाही बिनदिक्कत सांगता येतं! सात आणि आठच्या मध्ये एक दार आहे, वर्षानुवर्षं कपाटामागे झाकलेलं. तिघांनी मिळून कपाट ढकललं. माझी कंबर धरली ती धरलीच.

"म्हणजे मी आता तुमचा दारवान," दातांचे डॉक्टर म्हणाले. कुरकुर केली, पण कडीला तेल त्यांनीच घातलं.

२७ जून, गुरुवार

चौदा! पाटी काढली – भोंग्याने स्वतः स्टुलावर चढून. त्याला जानेवारीचं सगळं आठवतं, तोंडाने बोलत नाही एवढंच.

एकीला दर महिन्याला उलट्या होईपर्यंत पोट दुखायचं, घरात म्हणायचे सगळ्यांचंच दुखतं. औषध दिलं, पुढची तपासणी लिहून दिली. एक मुलगा, आपल्याला भयंकर रोग झालाय अशी त्याची खात्री. काही नव्हतं! वयात येताना असंच होतं, एवढं ऐकलं आणि शीळ घालत गेला.

डॉक्टरबाईंनी नियम सांगितला, खोलीबाहेर आपण यातल्या कुणालाही ओळखत नाही. मोठे डॉक्टर डोकावले, मोजलं, म्हणाले, चादरींची कपाटं राहू देत आहेत तिथेच. छातीवरचा दगड उतरला. घरी येऊन गाढ झोपले.

३० जून, रविवार

माझ्या जिभेला काही हाड आहे का! भाजी घेताना पोटदुखीवालीची आई भेटली. मी आपली सवयीने, "मुलीचा दात कसा आहे?" ती म्हणाली, कसला दात? मी शाळेची तपासणी, अमुकतमुक, काहीबाही बोलले आणि भाजी तिथेच विसरून पळाले.

जेवताना घरी सांगितलं. हे हसले. पोरगी हसली नाही. घास हातात तसाच धरून म्हणाली, "तू असं कुणाच्याही आईला विचारतेस?" मी म्हटलं, चुकून गं.

४ जुलै, गुरुवार

पोटदुखीवाली आली. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि सरळ माफी मागितली. ती म्हणाली, घरी सांगून टाकलं, आई रागावली नाही, गरम पाण्याची पिशवी दिली. केवढं हायसं वाटलं!

मग उठता उठता म्हणाली, "पण सिस्टर, कुणाला सांगायचं ते मी ठरवायला हवं होतं."

खरं आहे. एकवीस वर्षं नोकरी केली आणि हे मला शाळेतल्या मुलीने शिकवलं.

८ जुलै, सोमवार

सकाळी वेणी घालता घालता, आरशातच बघत, माझी पोरगी म्हणाली, "आई, या गुरुवारी तू रजा घेशील? माझा दात दुखतोय."

तिचे दात मला पाठ आहेत. एकही किडका नाही. दहा प्रश्न जिभेवर आले. गिळले. आणि मग कुठेतरी आत बरं वाटलं – जाणार आहे ना ती! "घेते," म्हटलं.

दुपारी रजेचा अर्ज भोंग्याकडे दिला. कारणाचा रकाना कोराच ठेवला. त्याने वाचलं, वर बघितलं, आणि काही न विचारता शिक्का मारला.