न ऐकता दिलेली माफी

मंगळवार, १४ मे

प्रिय आपा,

अस्सलामु अलैकुम. इकडे सगळे ठीक. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरत जा.

पुढच्या शुक्रवारी निघायचं. लस टोचून झाली. बॅग तीनदा भरली, दोनदा उपसली. तुझी भावजय म्हणते, "हजला निघालाय की सामानाची तपासणी करायला?"

निघण्याआधी ज्यांना दुखावलं त्यांची माफी मागायची, म्हणून प्रयोगशाळेत प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन आलो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडेही गेलो. ते म्हणाले, "पाण्याच्या भांडणाबद्दल? अहो, मी विसरलो होतो. बरं झालं, आठवण करून दिलीत!"

मग तुला फोन केला. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "माफ, माफ, जन्मापासूनचं सगळं माफ! शंकासुरा, आता बॅग बंद कर." आणि हसत फोन ठेवलास.

पण काय माफ केलंस, तेच तुला ठाऊक नाही. रक्ताच्या बाटलीवर नाव नसेल तर मी ती हातात घेत नाही. ही माफी कशी घेऊ?

त्यात काल तुझं पार्सल आलं. हजला नेसायची, एहरामची ती दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रं. सोबत तुझी चिठ्ठी: 'अब्बांना नेसायला मिळाली नाहीत, तू नेस.'

अब्बा रोज सकाळी जेवणाच्या टेबलाभोवती सात फेऱ्या मारायचे, आठवतं? काब्याभोवती चालायची सवय व्हावी म्हणून. सहाव्या फेरीला दम लागायचा, तरी टेबलाला हात न लावता सातवी पुरी करायचे. त्यांच्या हजचा अर्ज भरायचं काम माझ्याकडे होतं. सोडतीत नाव आलं नाही, असं मी तीन वर्षं सांगितलं.

आपा, नाव येणार कुठून? अर्ज मी दिलाच नव्हता.

त्यांच्या हृदयाचे रिपोर्ट मी पाहिले होते. त्या उन्हात, त्या गर्दीत ते टिकणार नाहीत असं वाटलं. हे खरं आहे. सोबत मला जावं लागलं असतं आणि माझी बढती तोंडावर होती, हेही खरं आहे. यातलं जास्त खरं कुठलं, ते वहीत कितीदा तरी लिहून पाहिलं. दर वेळी उत्तर वेगळं येतं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "अल्लाहचं बोलावणं आलं नाही. माझंच काही चुकलं असेल." आणि चूक शोधत बसले. तुला कॉलेज सोडायला लावलं म्हणून तुझ्यापुढे हात जोडून रडले. तू घाबरून मला विचारलंस, "अब्बांना अचानक काय झालंय रे?" मी म्हणालो, "वय झालंय."

मग माझ्याकडे आले. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "लहानपणी तुला मारलं असेन. माफ कर." आणि मी माफ केलं, आपा. मी. त्यांना.

त्यांना आता विचारता येत नाही. तू उरलीस. फोन करू नकोस, फोनवर तू घाईत माफ करशील. ती वस्त्रं अजून टेबलावरच आहेत. नेसू की परत पाठवू, एवढं शांतपणे लिहून कळव. बॅग तेवढ्यासाठीच उघडी आहे.

ज्याला तू अजून माफ केलेलं नाहीस, तो
तुझा धाकटा