चौथ्या रिळातली शांतता

ता. १४, सोमवार

ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. दोघांची तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कळायला दुसरा मार्ग नाही. माझे गुडघे गेले. स्वयंपाकघरातला नळ गळतो, त्याने भिंत खचेल अशी मला धास्ती. नात म्हणते, "आजोबा, तुम्हाला काळजीला नळसुद्धा पुरतो." अक्षर समजून घे, चौथीपुढे मी गेलो नाही.

परवा तिनेच फोनवर तो सिनेमा लावून दिला. माणसं खाणाऱ्या वेलींचा. आपल्या थेटरात तीन आठवडे चालला तोच. मी वर केबिनमध्ये मशीनवर, भाऊजी खाली दारावर. किती घाबरायचे लोक! आता बघितलं तर वेली रबराच्या, ओढायची तारसुद्धा दिसते. नात हसून लोळली. "ह्याला भ्यायचात? ही तर बागेची नळी आहे!" मीही हसलो.

मग चौथं रीळ आलं. बाई काचघरात लपते, वेल छतावरून सरकत येते. मी म्हटलं, "आवाज वाढव."

"पूर्ण आहे, आजोबा. सीनच मुका आहे."

मुकाच आहे. सात मिनिटं कोणी ओरडत नाही.

आगीच्या चौकशीत मी सांगितलं होतं की तिथे सिनेमातच किंकाळ्या आहेत, म्हणून आग लागलेली कळली नाही. प्रिंट तोवर परत गेली होती, कोणी लावून पाहिली नाही. विसरलो म्हणावं तर रोजचे चार खेळ होते, ताई. मला तो तोंडपाठ होता.

फुकटे शिरू नयेत म्हणून दारांना बाहेरून कडी असायची. मी दिवे लावून घंटी द्यायची, मगच भाऊजींनी कडी काढायची. त्याआधी काढली तर नोकरी गेली, असा मालकाचा दंडक. त्या दिवशी भाऊजी जिना चढून आले होते. धापा टाकत म्हणाले, "अरे, आत आरडाओरडा चाललाय. दिवे लाव, घंटी दे."

मी दुसऱ्या मशीनवर पाचवं रीळ चढवत होतो. पाठ पडद्याकडे, कानात खडखडाट. म्हटलं, "वेली आल्या असतील, भाऊजी. जा, चहा घ्या." ते माझ्यावर विश्वासून गेले. भिंतीतल्या काचेतून एकदा डोकावलो असतो तर धूर दिसला असता. घंटी दिली तोवर दाराशी पाच माणसं संपली होती.

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "दारवान वर आला होता का?"

मी म्हटलं, "नाही."

भाऊजी समोरच्या बाकावर होते. माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. बायकोचा भाऊ म्हणून गप्प राहिले असतील. तीन वर्षं तुरुंगात काढली त्यांनी. तू माझ्याशी बोलणं टाकलंस, म्हणजे तुला सांगितलं असेल. की न सांगताच ओळखलंस?

हे त्यांना वाचून दाखव. ऐकू कमी येत असेल तर कानाशी जाऊन वाच. "राहू दे" म्हणतील, तरी थांबू नकोस. मग हा कागद ज्याला दाखवायचा त्याला दाखव. चौकशीच्या कागदावर केली होती तशीच पूर्ण सही कागदाच्या मागे केली आहे.

भाऊजी वर आले होते.

घंटी न देणारा,
तुझा धाकटा भाऊ