होळीआधीचं ब्लीच

१२ मार्च, बुध.
पलूला पार्लरात नेलंच. नको नको करत होती. २३ ला साखरपुडा आहे हिचा आणि हिला काही पडलेलं नाही. मुलाची आई बघायला आली तेव्हा सगळ्यांदेखत बोलली, पोरगी गुणाची आहे, रंग जरा दबतोय. ते माझ्या कानातून जात नाही. फेशियल केलं, वर ब्लीच. पार्लरवाली विचारत होती, इतक्यात रंग खेळायचा नाही ना. म्हटलं, रंग पंचमीला. आठवडा आहे अजून.
पंचमीच्या सकाळी मी स्वतः चोपडते तिला. मुळापासून खोबरेल, घट्ट वेणी, वर जुनी ओढणी. मानेला, कानामागं, नखांना व्हॅसलीन. लहानपणापासून हेच. एक पुरळ उठलं नाही कधी.

१३ मार्च, गुरु. होळी
पुरण वाटत होते, दारात पलू. ओळखू येईना. हिरवी, जांभळी, केस मोकळे. उद्या सुट्टी म्हणून हिच्या हिंजवडीच्या ऑफिसात आजच रंग. होळी पेटायची आहे अजून आणि ऑफिसवाल्यांचं खेळून झालं. कुठनं कुठनं आलेली पोरं, त्यांना काय पंचमी माहीत.
म्हणे, मी लांबच उभी होते, मागून येऊन फासला.
गालांची आग होत होती. मी बेसन कालवलं, लिंबू पिळलं, घासलं. ती ओरडत होती. म्हटलं, गप बस, निघतोय.
निघाला. खालचं सालपट पण निघालं.
नैवेद्य ह्यांनीच दाखवला.

१४ शुक्र.
तोंड सुजलंय. एक डोळा अर्धाच उघडतो. धुळवडीमुळे दवाखाना बंद. कोरफड लावायला गेले तर हात झटकला माझा.

१५ शनि.
डॉक्टरीण कातडीचीच आहे, पण जीभ तिखट. ब्लीच कधी? रंग कधी? लिंबू कोणी लावलं? प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून. तेल लावलं असतं आधी तर एवढं झालं नसतं, असं मलाच शिकवते.
विचारलं, डाग राहतील का.
"आत्ता सांगता येणार नाही."
मलम दिलं. पंधरा दिवस ऊन नाही, रंग नाही, मेकअप नाही. साखरपुड्याला आठ दिवस.
रिक्षात धायरी फाट्यापर्यंत ट्रॅफिक, मी एकटीच बडबडत होते.

१७ सोम.
मुलाच्या आईचा फोन. पंचमीला चार वाजता येतो म्हणाल्या. त्यांच्यात ठरलेल्या मुलीला पहिला रंग सासूच्या हातचा लागतो. मी या या म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
हे मार्केट यार्डातून आले, त्यांना सांगितलं. हे म्हणाले, कांजिण्या झाल्यात म्हण, कोणी फिरकणार न्हाई. मला पटलं. फोन हातात घेतला.
पलू आतून आली. "कांजिण्या म्हणालीस तर मी स्वतः फोन करून खरं सांगीन."
म्हटलं, मोडलं म्हणजे?
"मोडू दे. लग्न माझं आहे आई, तुझं नाही."
कानाखाली द्यावी वाटली. पण द्यायची कुठं.

१८ मंगळ.
सूज उतरली. उजव्या गालावर काळपट चट्टा, पंजाएवढा. पोळ्यांच्या कामावर दोन घरी पीठ सैल झालं. एक बाई म्हणाल्या, लक्ष कुठंय मावशी. म्हटलं, तुमच्याच पोळीत.
मुलाला पलूनं फोटो पाठवलाय म्हणे. मला न विचारता. तो काय म्हणाला ते सांगत नाही.

१९ बुध. पंचमी
चारला बरोबर आल्या. बरोबर त्यांची जाऊ. हातात ताट, गुलाल, साडीची पिशवी. पलू तोंड न झाकता बाहेर आली. जाऊबाईंनी अगंबाई म्हणून तोंडाला पदर लावला. मुलाच्या आईला ठाऊक नव्हतं, तोंडावरूनच कळलं.
"हे काय झालं?"
हे चपला बघत बसले. पलू माझ्याकडे. कांजिण्या अगदी जिभेवर आल्या होत्या.
म्हटलं, "मी केलं. रंग दबतो म्हणाला होतात ना. उजळायला नेली होती."
त्या उठल्या. चिमटीत गुलाल घेतला, पलूच्या तोंडाजवळ नेला, थांबल्या. मग खाली वाकून तिच्या पायाच्या अंगठ्याला लावला. म्हणाल्या, इथं तर चालेल ना डॉक्टरांना. पलू हसली का रडली, मला बघवलं नाही.
रविवारच्या साखरपुड्याचं काही बोलल्या नाहीत. घरी विचारते एवढंच. चहा अर्धा ठेवून गेल्या.
साडीची पिशवी खुर्चीवरच राहिली. विसरल्या का ठेवून गेल्या, कळायला मार्ग नाही. हे म्हणतात उघड. पलू म्हणते हात लावू नको. सहा वाजले. मी समोर बसलेय.