आईच्या दगडावरचं कापड

टूरोआदादा,

वर्ष उलटलं, रीतीप्रमाणे वर्षाने सगळ्यांसमोर कापड काढून नाव उघडं करायचं, पण आईच्या थडग्यावरचा दगड अजून झाकलेलाच आहे, आणि तू पर्थच्या खाणीत सुट्टी मिळत नाही म्हणून रडतोस. "कापड टूरोआच काढेल," असं आईच सांगून गेली, नाहीतर मी केव्हाच ओढून काढलं असतं.

रोज मी पाहुण्यांना गाव दाखवते. गरम झऱ्यांनी खाली जमीन उकळते, म्हणून आमची गेलेली माणसं पुरत नाही, वरच सिमेंटच्या थडग्यात ठेवतो, हे न रडता सांगते. काल मी उकळत्या कुंडात शिजलेली मक्याची कणसं काढत होते, तेवढ्यात एका पाहुण्याने कापड वर करून फोटो काढला. मी धावले.

"सॉरी हं बाई, मला वाटलं दुरुस्ती चाललीय."

"दुरुस्ती माझ्या भावाची व्हायचीय," म्हटलं.

आईचं कोरलेलं नाव आपल्याआधी परक्याने वाचलं. मी कापड पुन्हा बांधलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही. तुला लिहिलं, तरी पत्र पेटीत टाकायचा धीर होईल की नाही कोण जाणे.

ईस्टरच्या शनिवारी सगळे थडग्यापाशी जमणार आहेत. येतोस की नाही, गुरुवारपर्यंत सांग. नाही आलास तर कापड मी काढीन, आणि पाहुण्यांना सांगेन की आईला मुलगा नव्हता.

तुझी वाट बघून विटलेली,
हुहाना