दोनपासून मोजणी

शिरूर, सोमवार

प्रिय गौतमी,

पाकीट फोडताना घाबरू नको, आत पाल न्हाई. रबराची बी न्हाई. तुझ्या डब्यात पाल टाकणाऱ्यानंच धाडलंय हे खरं, पण ह्या वेळी नुसतं पत्र हाय. तिकडं गडचिरोलीच्या जंगलात तुला रेंज नसती म्हणून लिव्हतोय असं आपल्या टेम्पोवाल्या पप्पूला सांगितलं. खरं कारण येगळं हाय. मोबाईलवर काय बी लिव्हलं की पुढं ते दात काढणारं तोंड माझ्या बोटानं आपोआप चिकटतं, आन् मग तू म्हंतीस, "हृत्या, तुझं एक बी वाक्य खरं नसतं." कागदावर मला तसलं तोंड काढता येत न्हाई. चित्रकलेत माझं काय व्हायचं ते तुला म्हाईतच हाय.

तर खबर अशी की आपलं रविवारचं चालणं बंद पडलेलं न्हाई. तू गेलीस तवा सोळा जण उरलो व्हतो, आता तेहतीस झालोत. सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांमधनं दोन बिहारी कुटुंबं येत्यात, लेकरंबाळं घेऊन. त्या बाया सत्तूचे पराठे आणत्यात आन् झुंबरमावशी त्यांना ठेचा चारून रडवती. मावशीची शुगर उतरली, पण तोंड हाय तसंच हाय. कोंडिबा आबा म्हंत्यात, आता मी दमत न्हाई, माझी काठी दमती. आन् मी अजून सगळ्यांना तेच सांगतो, "झालं, दोनच किलोमीटर राहिलं." पाच राहिलं असलं तरी दोनच. परवा एका बाईनं इचारलं, "दादा, तुमच्या शिरूरचा किलोमीटर लांबीला जास्त असतो का हो?"

कसं सुरू झालं आठवतं का? वनरक्षकाच्या भरतीत पोरींना चार तासांत सोळा किलोमीटर चालावं लागतं, म्हणून तू सकाळी घोडनदीच्या कडंनं निघायचीस. तुझी आई म्हणली, उसात बिबट्या हाय, एकटी जाऊ नको, आन् सोबतीला मला धाडलं. जसं काय बिबट्या मला बघून हसंल आन् माघारी जाईल. मग डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणून मावशी आली, मावशीला बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून आबा आले, आन् बघता बघता जत्राच झाली. तू भरतीची तयारी करत व्हतीस आन् तुझ्या मागं आख्खी आळी चालत व्हती.

नंबर तूच काढलेस. उसाच्या मधल्या वाटेला दोन हातांवरचं माणूस दिसत न्हाई, म्हणून. पुढं चालणारी तू, एक. सगळ्यात मागं मी, शेवटचा. उसात शिरायच्या आधी आन् भाईर निघाल्यावर जेनं तेनं आपला नंबर मोठ्यानं बोलायचा. मी कितीदा मुद्दाम गप बसायचो! शेवटचा नंबर आला न्हाई की तू आख्खी लाईन ओलांडून माघारी पळत यायचीस, आन् मी बांधावर बसून शेंगा फोडत असायचो. एकदा तू पायातला बूट काढून मारलास. पाठीवर अजून सांगता यील कुठं लागला ते.

तू गेल्यावर पहिल्या रविवारी आबा म्हणले, "हां, बोला." कुणीच बोललं न्हाई. सगळे रस्त्याकडं बघत उभे. मग मावशीनं हळूच "दोन" म्हटलं आन् गाडी पुढं गेली. तवापासनं आपली मोजणी दोनपासून. तसं कुणी ठरवलं न्हाई. नवीन माणूस आला की त्याला माझा नंबर देतो आन् मी एकानं मागं सरकतो. म्हंजी माणसं तेहतीस आन् माझा नंबर चौतीस. आम्हा जुन्यांना त्यात काय वावगं वाटंना.

काल कासुर्डीला गेलतो, पप्पूच्या टेम्पोतनं. कालव्याच्या कडंनं माळावर आन् येताना उसातनं. सकाळी मी चिखलात मूठ दाबून वर चार बोटं उमटवली आन् बिहाऱ्यांच्या पोरांना बिबट्याचा पंजा म्हणून दाखवला. लई भारी जमला व्हता. मोठी माणसं बी घाबरली. त्यात दौंडच्या सुषमाबाई पहिल्यांदाच आल्या व्हत्या. शाळेतनं रिटायर झाल्यात, पण हजेरी काय सुटत न्हाई. उसातनं भाईर आल्यावर मी "चौतीस" म्हटलं आन् बाईंनी डोकी मोजली. तेहतीस. परत मोजली. तेहतीस. "एक माणूस आत राहिलंय!" बाई अशा वरडल्या की पोरं रडायलाच लागली.

मी म्हटलं, बाई, कुणी न्हाई राहिलं, आपली मोजणीच तशी हाय. कोण ऐकतंय? सकाळचा पंजा माझाच व्हता हे तवर सगळ्यांना कळलं व्हतं. "गप रे, मस्करीची येळ हाय का ही?" म्हणून पप्पूनं मला ढकललं. आन् गौतमी, सगळे परत उसात शिरले. हाका मारायच्या तर नाव कुणाचं घ्यायचं? नुसतंच "ओ! कोण हाय? ओ!" मी बी गेलो मागनं. मी बी हाका मारल्या. का मारल्या कुणास ठाऊक. कुणीच न्हाई हे मला एकट्याला पक्कं म्हाईत व्हतं.

भाईर आलो तर आबा कालव्यात उतरलेले. धोतर गुडघ्यापत्तर भिजलेलं, काठीनं पाणी चाचपत व्हते. सत्त्याहत्तर वय, गौतमी. मी पळत जाऊन दंडाला धरलं आन् म्हटलं, आबा, वर या, एक नंबर न्हाई. दुसरं कुणी हरवलं न्हाई, पुढं चालायचा तो एक नंबरच तेवढा न्हाई. आबांना उमगायला जरा येळ लागला. म्हणले, "ती व्हय? आरं, ती हरवली न्हाई येड्या, ती नोकरीला लागली." मग माझ्या तोंडाकडं बघितलं. माझ्या खांद्यावर हात देऊन वर आले.

जेवताना सुषमाबाईंनी सभाच घेतली. म्हणल्या, रिकामा नंबर ठेवायचा न्हाई, उद्या खरंच एखादं लेकरू राहिलं तर मोजणीवर कुणाचा इश्वास बसायचा? बरोबर हाय त्यांचं. सगळ्यांनी हात वर केले. एक नंबर हृतिकनं घ्यावा आन् पुढं चालावं, असं ठरलं. आबांनी तेवढा हात वर केला न्हाई. मी चार रविवार मागून घेतलेत. तवर सुषमाबाई निघताना आन् पोचल्यावर डोकी मोजणार.

आता हे पत्र का, ते लिव्हतो. मी मागं चालायचो ते आळशी म्हणून न्हाई. नदीच्या कडंची वाट वळली की मागच्याला सगळ्यात पुढचं माणूस दिसतं. प्रत्येक वळणाला तुझी ती निळी टोपी दिसायची. आन् नंबर बोलायच्या येळी गप बसायचो ते शेंगांसाठी न्हाई. तू माघारी पळत यायचीस म्हणून. हे तू जायच्या दिवशी एसटी स्टँडवर सांगणार व्हतो, पण तिथं बी तुझ्या बॅगेला शेपूट बांधलं आन् तू हसत हसत गाडीत बसलीस. सोबत पोस्टकार्ड हाय, माझा पत्ता लिव्हलेलं. तुझ्या एक नंबराचं काय करायचं, त्यावर नुसतं "दे" लिव्ह, न्हाईतर "ठेव" लिव्ह. "दे" लिव्हलंस तर गपगुमान पुढं जाईन, परत इचारणार न्हाई. पण येत्या चार रविवारी आबा "बोला" म्हणले की मावशी लगीच दोन म्हणायची न्हाई, मी तिला सांगून ठेवलंय. एक म्हणायला जेवढा येळ लागतो, तेवढं आम्ही थांबणार हाय.

तुझाच,
अजून तरी सगळ्यात मागं असलेला
हृतिक